जुन्या बाजारातली ‘मिस सुलोचना’ (आईवाली नव्हे!)

मुठेकाठची
गेल्या रविवारी जुन्या बाजारात गेले होते पितळी अडकित्त्यासाठी आणि घेऊन आले एक पोस्टकार्ड. चाळीस रुपये. विक्रेता साठ म्हणत होता, मी कोपरा फाटलाय म्हणून नाक मुरडलं आणि तो चक्क उतरला.

कार्डावर एका तरुणीचा फोटो आहे. मूळ कृष्णधवल, पण नंतर कुणीतरी हाताने रंग भरलाय. गालांवरचा गुलाबी रंग गालाच्या बाहेर ओघळलाय, ओठांचा लाल तर वरच्या ओठावर मिशीसारखा चढलाय. डोळ्यांना मात्र रंगवणाऱ्याने हात लावलेला नाही. मोठे, पाणीदार, थोडे खालून वर बघणारे. खाली छापलंय ‘मिस सुलोचना’.

मी म्हटलं, ‘अहो, ही सुलोचनाबाई कुठे, त्या तर...’ तो म्हणाला, ‘ताई, ती आईवाली न्हवं. ही मुक्या सिनेमावाली.’

घरी येऊन वाचत बसले ती रात्रीचे दोन वाजले. ही रूबी मायर्स. जन्म १९०७, आपल्या पुण्यातच, ज्यू कुटुंबात. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात काम करशील का विचारलं, तर आधी नाही म्हणाली. त्या काळी नोकरी करणारी मुलगी सिनेमात जाणं म्हणजे दोन पायऱ्या खाली उतरणं. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. अभिनय कशाशी खातात हे माहीत नसताना ती उभी राहिली, आणि दोन-तीन वर्षांत देशातली सगळ्यात महागडी नटी झाली. १९२६ मध्ये ‘टेलिफोन गर्ल’ नावाच्या चित्रपटातही तिनेच काम केलंय, म्हणजे सोडलेली नोकरी पडद्यावर परत!

माझा प्रश्न साधा आहे. मला सगळीकडे एकच गोष्ट सापडतेय: मूकपटाची राणी होती, बोलपट आले, हिंदी येत नव्हतं, संपली. खरंच असं झालं का? इथे जुन्या सिनेमाचे किडे बरेच आहेत, त्यांनी लिहावं.

ताकभात
वा, धागा आवडला. पण आधी अडकित्त्याचं काय झालं ते सांगा.

आत्याबाई
मला आधी वाटलं सिनेमातल्या आई, सुलोचनादीदींवर आहे. मग वाटलं लावणीवाल्या सुलोचना चव्हाणांवर आहे. ही तिसरी निघाली! पडद्यावरच्या दोघींच्या नावाची गंमत बघा. दीदींचं मूळ नाव वेगळं, सुलोचना हे नाव त्यांच्या डोळ्यांवरून भालजी पेंढारकरांनी दिलेलं. आणि या रूबीलाही सिनेमावाल्यांनीच सुलोचना केलं. दोघींच्या डोळ्यांनी एकच नाव ओढून आणलं म्हणायचं.

यामुळे नेटवर जी खिचडी झालीये ती विचारू नका. एका ठिकाणी तर दीदींच्या नावावर १९२७ चा चित्रपट टाकलाय. त्यांच्या जन्माआधीचा!

प्रश्नचिन्ह
ज्यू म्हणजे आपले बेने इस्राएल का? शनिवार तेली? मग ती मराठी बोलत असणार की. मराठी मुलगीच म्हणा ना सरळ.

कांदा_अलिबागचा
प्रश्नचिन्ह, नाही हो. मी स्वतः बेने इस्राएल, आजोळ रेवदंड्याजवळ, सध्या मुक्काम अश्दोद. आमच्या घरात आजही भांडणं मराठीतच होतात. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली.

रूबी मायर्स बगदादी ज्यू होती. ही मंडळी फार उशिरा आली, बगदाद, बसरा, अलेप्पो या बाजूने, व्यापारासाठी. डेव्हिड ससून त्यांच्यातलाच, तो १८३०च्या दशकात मुंबईत उतरला. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ (१८६७) त्याच्याच घराण्याचं, आणि ससून हॉस्पिटलही. त्यांच्या घरात आधी अरबी आणि पुढे इंग्रजी. मराठी-हिंदुस्थानीशी संबंध नोकर-चाकर आणि बाजारापुरता. आमच्यात आणि त्यांच्यात सोयरीकही सहसा होत नसे, ते आम्हाला जरा खालचेच समजायचे. जुनी जखम आहे, असो.

म्हणजे ‘पुण्यात जन्मली’ एवढ्यावरून तिला मराठी करू नका. पण तिचं हिंदुस्थानी कच्चं का होतं याचं उत्तर तिच्या घरात आहे.

रीळवाला
आता मी येतो. जेवण करून निवांत लिहितोय, लांबेल.

पहिली गोष्ट, त्या वेळच्या नट्यांची खरी नावं वाचा. सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. सबितादेवी म्हणजे आयरिस गॅस्पर. पेशन्स कूपरने तर नावही बदललं नाही. पुढची प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम, तीही बगदादी ज्यू, कलकत्त्याची. घरंदाज हिंदू-मुसलमान घरातून कुणी मुलगी पाठवायला तयार नव्हतं, आणि या अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली आधीच टायपिस्ट, टेलिफोन, दुकान अशा नोकऱ्यांत बाहेर पडलेल्या होत्या. मूकपट असल्याने भाषेची अडचण नव्हती. नाव तेवढं हिंदू लावलं की काम भागत होतं.

सुलोचनाची गाडी १९२५ मध्ये सुरू झाली आणि १९२६ मध्ये तिने दणका लावला. ‘सिनेमा क्वीन’, ‘टायपिस्ट गर्ल’. दुसरा दिग्दर्शक चंदुलाल शहांचा, नटी गोहर पण आहे त्यात, सतरा दिवसांत उरकला म्हणतात आणि तुफान चालला. १९२७ मध्ये टागोरांच्या नाटकावरून ‘बलिदान’. सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीनेही त्याची तारीफ केली होती. त्याच वर्षी इम्पीरिअल कंपनीचा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. यात बाईंच्या आठ भूमिका! माळी, पोलीस, हैदराबादी सद्गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, केळीवाली, गोरी युरोपियन बाई, असं काय काय. वीस वर्षांची मुलगी आहे, आणि आवाज बदलायची सोय नाही. चाल, खांदे, हात आणि ते डोळे, एवढ्यावर आठ माणसं वेगळी दाखवायची. आजच्या दुहेरी भूमिकावाल्यांनी मिशी चिकटवून भागवून नेलेलं बघितलं की मला ती आठवते. बघितलेली नसूनही.

बघितलेली नाही कारण बघायला काही राहिलेलंच नाही. त्यावर नंतर.

१९२८ ची मजा ऐका. ‘अनारकली’ नाटकाचे लेखक इम्तियाझ अली ताज यांच्या गोष्टीवर ग्रेट ईस्टर्न कंपनी मोठा मूकपट काढत होती, सीतादेवीला घेऊन. खर्च भरपूर, तयारी भरपूर. इम्पीरिअलच्या आर्देशीर इराणींना वास लागला. त्यांनी तोच विषय उचलला, सुलोचनाला अनारकली केलं, धडाधड शूटिंग करून आपला सिनेमा आधी लावून टाकला. समोरच्यांचा बार फुसका. नीतिमत्ता विचारू नका, धंदा होता.

आता बोलपट. पुढच्या प्रतिसादात लिहितो, चहा घेऊन.

लोणावळा_लोकल
रीळवाला, चहा लवकर प्या.

मध्येच अवांतर: पहिली स्त्री कलाकार म्हणून कोणाचं नाव घ्यायचं मग? ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती हे माहीत आहे.

आत्याबाई
अवांतर असलं तरी आपलं माणूस आहे म्हणून सांगते. दुर्गाबाई कामत. त्याच १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. पुढे ती कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले तिचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई पोरीला घेऊन नाटक कंपनीत जाते आणि तिथून सिनेमात, १९१३ मध्ये. त्यांच्यावर वेगळा धागा हवा.

हिशेबनीस
‘गव्हर्नरपेक्षा जास्त पगार’ ही गोष्ट अजून कुणी कशी आणली नाही?

लोणावळा_लोकल
हो की! महिना पाच हजार, मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त. मी पण वाचलंय. शेव्हरोले गाडी पण होती म्हणे.

हिशेबनीस
आलात जाळ्यात. :)

१९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात प्रांतांच्या गव्हर्नरांचे पगार दिलेत. मुंबई: वर्षाला १,२०,००० रुपये. म्हणजे महिना दहा हजार. आधीच्या १९१९ च्या कायद्यात तर कमाल १,२८,००० होती. सुलोचनाचे पाच हजार म्हणजे मुंबईच्या लाटसाहेबाच्या निम्मे. अगदी तळातले प्रांत बघितले, आसाम, ओरिसा, सिंध, तिथल्या गव्हर्नरलाही वर्षाला ६६,०००, म्हणजे महिना साडेपाच हजार. तिथेही बाई पाचशेने मागे.

ही दंतकथा बहुतेक कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी सोडली असावी आणि नव्वद वर्षं लोक एकमेकांचं बघून छापतायत. कुणी परिशिष्ट उघडून बघत नाही.

ताकभात
हिशेबनीस, तुम्ही लग्नात पण आहेराची पाकिटं मोजता का?

हिशेबनीस
मोजतो. वहीत लिहूनही ठेवतो.

पण पाच हजारांना कमी लेखत नाहीये मी. १९३०च्या सुमाराला सोनं तोळ्याला वीस-बावीस रुपयांच्या घरात होतं. महिन्याला सव्वादोनशे तोळे सोनं घरी आणणारी पंचविशीच्या आतली मुलगी. त्यासाठी गव्हर्नरची उपमा कशाला हवी?

मुठेकाठची
हिशेबनीस, __/\__. मी पण तो गव्हर्नर मूळ लेखात टाकणार होते, शब्द वाढले म्हणून कापला. वाचले.

रीळवाला
चहा झाला.

बोलपट. १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक थिएटर, ‘आलम आरा’. कंपनी इम्पीरिअल, मालक इराणी. म्हणजे सुलोचनाचंच घर. हक्काने नायिका ती असायला हवी होती, पण हिंदुस्थानी जमत नाही म्हणून भूमिका जुबेदाला गेली. केनेडी पुलाजवळ स्टुडिओ, शेजारून रेल्वे धडधडत जायची, म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर एक ते चार शूटिंग. विचार करा, तुमच्याच कंपनीत मध्यरात्री देशातला पहिला बोलपट तयार होतोय आणि कंपनीची सगळ्यात मोठी नटी त्यात नाही.

इथेच बहुतेक लेख संपतात. ‘आवाजाने घात केला’ वगैरे.

पण ती संपली नाही. तिने वर्षभर सुट्टी घेतली आणि हिंदुस्थानी शिकली. १९३२ मध्ये परतली ती ‘माधुरी’ घेऊन. ‘माधुरी’ हा १९२८ चा तिचाच मूकपट, आता बोलता. तो चालला. मग काय, आपलीच जुनी रिळं काढून ती एकेक बोलती करत गेली. ‘अनारकली’ १९२८ मूक, १९३५ बोलता, दिग्दर्शक दोन्ही वेळा आर. एस. चौधरीच. ‘वाइल्डकॅट’ची १९३६ मध्ये ‘बंबई की बिल्ली’ झाली. आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी: १९२९ ची मूक ‘इंदिरा बी.ए.’ १९३४ मध्ये बोलायला लागली तोवर ‘इंदिरा एम.ए.’ झाली होती!

पार्श्वगायन तेव्हा रुळलेलं नव्हतं हेही लक्षात घ्या. उच्चार, संवाद, गाणं सगळं ज्याचं त्याने.

ताकभात
पीएच.डी. राहिलीच बिचारीची.

अर्थात पोस्ट ग्रॅज्युएट झाल्यावर आवाज फुटतो हे बरोबर आहे. तोवर गाइडसमोर मूकपटच असतो.

प्रश्नचिन्ह
मग उतरती कळा कशाने लागली? काहीतरी कारण असेलच ना.

रीळवाला
माझं मत सांगतो. मत आहे, वाद घाला.

डी. बिलिमोरिया. मूकपटापासूनची जोडी. तो उंचापुरा, हॉलिवूडच्या बॅरिमोरच्या धर्तीवरचा नायक, ही डोळेवाली. पडद्याबाहेरही प्रेम होतं. १९३३ ते १९३९ या काळात दोघांनी फक्त एकमेकांबरोबर कामं केली. लोकांना जोडी आवडत होती तोवर सोनं. पण सहा वर्षं तोच नायक, तीच नायिका, त्याच जुन्या गोष्टी. तोवर इकडे प्रभात, तिकडे न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज, सगळ्यांनी सिनेमाचा पोतच बदलून टाकला. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा आहे, विसरू नका. १९३८ मध्ये इम्पीरिअल बंद पडली. मग प्रेमही आटलं. तिने मधल्या काळात ‘रूबी पिक्स’ नावाची स्वतःची कंपनीही काढली होती, पण तिने काही तारू किनाऱ्याला लागलं नाही.

म्हणजे भाषेने तिला एक वर्ष अडवलं, बस. घात झाला तो एकाच नायकाला आणि एकाच कंपनीला बांधून घेतल्याने.

आत्याबाई
रीळवाला, बाकी मान्य, पण ‘बांधून घेतलं’ हे तुम्ही फक्त तिच्याबद्दल म्हणताय. बिलिमोरियानेही तेच केलं, तोही मागे पडला, त्याच्यावर कुणी असं लिहीत नाही. शिवाय १९३९ मध्ये ती बत्तीस वर्षांची. त्या वयात नायकाला पुढची वीस वर्षं कॉलेजकुमार म्हणून घेतात आणि नायिकेला आईची साडी काढून देतात. हे कारण तुमच्या यादीत नाही.

रीळवाला
मान्य. यादीत टाकतो. पहिल्या नंबरावर टाकलं तरी चालेल.

कांदा_अलिबागचा
एक ऐकीव नव्हे, नोंदलेली गोष्ट. गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत असा एक छोटा चित्रपट होता. तो दाखवताना सोबत ‘माधुरी’मधला सुलोचनाचा नाच, वर आवाजाची साथ जोडून, लावला जायचा. महात्माजींना गर्दी खेचायला सुलोचना लागली, असं आमचे एक काका खवचटपणे म्हणायचे.

लोणावळा_लोकल
आणि मोरारजी! १९४७ चा ‘जुगनू’, दिलीपकुमार-नूरजहाँ. त्यात सुलोचनाच्या पिकत्या सौंदर्यावर एक वयस्क प्राध्यापक भाळतो, तर मोरारजींनी सिनेमावरच बंदी घातली. कॉलेजातल्या पोरांनी प्रेमं केलेली चालतात, मास्तरने केलं की देश बुडतो.

मुठेकाठची
हे सगळं वाचताना मला कळेना की आता तिचं काम बघायचं कुठे. रीळवाला, तुम्ही ‘नंतर’ म्हणाला होतात.

रीळवाला
म्हणालो होतो, टाळत होतो.

आपल्याकडे साधारण तेराशे मूकपट झाले. उरलेत मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत. सुलोचनाच्या ज्या मूकपटांची नावं आपण इथे उड्या मारत घेतोय त्यांचे फोटो, जाहिराती, पुस्तिका मिळतात. हलणारी सुलोचना मिळत नाही.

कारण एकच नाही. नायट्रेटची फिल्म, ती नीट ठेवली नाही तर चिकट होते, भुकटी होते, पेट घेते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं तेच १९६४ मध्ये, तोवर निम्मं काम काळाने उरकलं होतं. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली तेव्हा जे गेलं ते गेलंच. पण त्याच्या आधी माणसांनी घालवलंय. फिल्मवर चांदीचा थर असतो. जुना सिनेमा पुन्हा लागणार नाही म्हटल्यावर डब्यांची किंमत चांदीएवढीच. संग्रहालयाचे पी. के. नायर ‘आलम आरा’ शोधत इराणींकडे गेले होते. म्हातारे इराणी म्हणाले, असतील डबे कुठेतरी. नायर निघाले तसा मुलगा हळूच म्हणाला की चांदी काढून आपणच ते विकून टाकलेत, वडिलांना माहीत नाही.

त्यामुळे सुलोचना बघायची तर १९५३ ची ‘अनारकली’ बघा. बीना रॉय अनारकली, प्रदीपकुमार सलीम, मुबारक अकबर, संगीत आपल्या सी. रामचंद्र चितळकरांचं. त्यात सलीमची आई जोधा कोण आहे? सुलोचना. दोनदा अनारकली झालेली बाई पंचवीस वर्षांनी अनारकलीच्या सासूच्या जागी उभी. कॅमेरा तिच्याकडे फारसा जात नाही, पण एकदा जातो तेव्हा पॉज करून डोळे बघा.

आत्याबाई
बघितला हो हा सिनेमा चार वेळा, गाण्यांसाठी. जोधा कोण आहे याकडे एकदाही लक्ष गेलं नाही. आज रात्री पाचव्यांदा.

हिशेबनीस
पुढची नोंद मी करतो. फाळके पुरस्कार १९६९ पासून: देविकाराणी, बी. एन. सरकार, पृथ्वीराज कपूर, पंकज मलिक, आणि पाचवा, १९७३ चा, रूबी मायर्स सुलोचना. हा मान मिळवणारी दुसरी स्त्री. तोवर ती छोट्या छोट्या भूमिका करतच होती, ‘नीलकमल’ (१९६८), पुढे ‘खट्टा मीठा’ (१९७८). १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत, आपल्या फ्लॅटमध्ये गेली.

प्रश्नचिन्ह
पुण्यात तिच्या नावाचं काही आहे का? रस्ता, चौक, पाटी?

ताकभात
पुण्यात पाट्या दुपारी एक ते चार झोपायच्या असतात, नट्यांच्या नसतात.

कांदा_अलिबागचा
मुठेकाठची, एक विचारायचं राहिलं. पोस्टकार्ड आहे म्हणता, मग मागे काय आहे? कुणी पाठवलेलं आहे की कोरं?

मुठेकाठची
अय्या, हो. लिहिलेलं आहे. मोडीत आहे म्हणून मी सोडूनच दिलं होतं. तिकीट कुणीतरी उपटून घेतलंय, पत्त्यावर पाणी पडलंय, त्यामुळे कुणी कुणाला ते जमत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना मोडी येते, त्यांच्याकडे घेऊन गेले होते आत्ताच. भिंग लावून वाचलं त्यांनी.

एवढंच आहे: ‘तुपाचा डबा पोचला. गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतो. दादांस औषध चालू ठेवणे.’

सुलोचनाबद्दल एक अक्षर नाही. मी आजोबांना कार्ड उलटं करून पुढची बाजू दाखवली. त्यांनी भिंग तिच्या डोळ्यांवर धरलं, बराच वेळ, आणि आतून आजींचा आवाज आल्यावर घाईने माझ्या हातात परत दिलं.

ताकभात, अडकित्ता मिळाला नाही. येत्या रविवारी परत जातेय.